मायच्या मांडीवरची मांजर

आमच्या घरी मांजर आली ती उंदीर मारायला नाही, पाप फेडायला आली. असं माझे वडील पाहुण्यांना सांगत, आणि पाहुणे हसले की त्यांच्यापेक्षा मोठ्यानं स्वतः हसत. माय हसायची नाही. ती चुलीपुढे बसून आपला काळा, बिनदुधाचा चहा फुंकत राहायची. तो काळा का आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मला त्याहून थोडं जास्त माहीत होतं.

वडिलांना मी दादा म्हणे. ते नंदुरबारच्या स्टेशनावर मालाचे बाबू होते. कापसाच्या गाठी आणि मिरचीची पोती मोजून घ्यायची, गाडीत चढवून द्यायची, हे त्यांचं काम. संध्याकाळी ते घरात शिरले की त्यांच्या कोटाबरोबर मिरचीची धूळही शिरे, आणि माय आणि मी शिंकत सुटायचो. मायचं माहेर तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. दादा कचेरीची मराठी बोलत, माय अहिराणी बोले, आणि मी ज्याच्याशी बोलायचं त्याची भाषा बोले. माझ्या आधीची दोन भावंडं राहिली नाहीत. त्यामुळे घरात लाड करायला मी एकटीच होते आणि रागवायलाही मी एकटीच.

मी दहा-अकरा वर्षांची असेन तेव्हाची गोष्ट. त्या वर्षी उंदरांनी उच्छाद मांडला होता. आमचं घर धाब्याचं, मातीच्या भिंतींचं. भिंतीत बिळं, बिळांत उंदीर, आणि समोर ज्वारीनं भरलेली कणगी. दादांची धोतरं कुरतडली तोवर मायनं सहन केलं. देवापुढच्या वाती पळवायला लागले तेव्हा तिनं दुकानातून सोमल, म्हणजे उंदरांचं विष, आणवला, ज्वारीच्या पिठात गूळ घालून मळला, त्याच्या गोळ्या वळल्या आणि उतरंडीमागे, कणगीखाली ठेवल्या. मला सक्त ताकीद होती, तिकडे फिरकायचं नाही. मी फिरकले नाही.

फिरकली ती गल्लीतली कबरी मांजर. ती कुणाचीच नव्हती. पण रोज संध्याकाळी गवळी दूध घालून गेला की ती आमच्या उंबऱ्याशी येऊन बसे, आणि माय एका टवका उडालेल्या बशीत तिला घोटभर दूध घाली. त्या दिवशी ती आली तीच झोकांड्या खात. मायला वाटलं भुकेली आहे. तिनं नेहमीपेक्षा जास्त दूध घातलं. मांजरीनं बशीत तोंड घातलं, ते वर काढलंच नाही. अंगणात तुळशीमागे अर्धा खाल्लेला उंदीर सापडला, तेव्हा मायला काय झालं ते समजलं. ती आपल्या हातांकडे बघत राहिली.

मांजर मारण्याचं पाप केवढं मोठं, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. भटजींनी तर ऐकल्याबरोबर सोन्याची मांजर दान करायला सांगितली. दादा म्हणाले, "सोन्याची मांजर आमच्या घरात आली तर उंदीरसुद्धा दर्शनाला येतील." मायनं त्यांच्याकडे असं बघितलं की ते गुपचूप टोपी घालून स्टेशनावर निघून गेले, सुट्टीचा दिवस असून.

तोडगा काढला शेजारच्या शेठाणीनं. त्या लोकांचं किराण्याचं दुकान होतं. मूळचे मारवाडातले, धर्मानं जैन, पण दोन पिढ्या नंदुरबारात काढल्यामुळे शेठाणी आमच्याशी अस्सल अहिराणी बोले. ती मायला म्हणाली, "भटजी सोनानी मांजर मांगी ऱ्हायना. सोनानी मांजर काय दूध पिस? पांजरपोळमा जित्या मांजरी शेत. एक जीव तुन्हाघाई गया, एक जीव तू सांभाळ."

हे मायला पटलं. मला वाटतं, तिला काहीही पटलं असतं. चार दिवस ती जेवली नव्हती, आणि भाकरी थापताना मध्येच थांबून हात धुवायला उठत होती.

पांजरपोळ गावाबाहेर होता. व्यापाऱ्यांनी वर्गणीतून चालवलेला. म्हातारे बैल, लंगडी घोडी, भाकड गाई, शिंगं मोडलेल्या म्हशी, सगळ्यांना मरेपर्यंत वैरण. मला ती जागा फार आवडली. तिथं कुणालाच काम नव्हतं. मुनीमजींना मात्र आम्ही आवडलो नाही. "इथं लोक जनावर आणून टाकतात," ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "न्यायला कुणी येत नाही." शेठाणीनं भीड घातली तेव्हा त्यांनी अटी सांगितल्या. मांजरीला मांस-मच्छी द्यायची नाही. उंदरांमागे घालायची नाही. घरात सोमल आणायचा नाही. नाही जमलं तर रस्त्यात सोडायची नाही, इथं परत आणायची. सोमल शब्द आला तेव्हा मायनं डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. काय झालं होतं ते शेठाणीनं त्यांना सांगितलं नव्हतं. मायही बोलली नाही, आणि तेवढंही तिच्या मनाला लागून राहिलं. परतताना ती म्हणाली की आपण खोटं बोलून पुण्य घेऊन चाललो आहोत.

मांजरींच्या खोलीत सात-आठ मांजरी होत्या. सगळ्या आमच्या पायांत घोटाळू लागल्या. एकच नाही आली. ती वैरणीच्या गंजीमागे भिंतीला चिकटून बसली होती. राखाडी, हडकुळी, शेपटीच्या टोकावरचे केस गेलेले. मी धष्टपुष्ट पिवळ्या बोक्याकडे बोट दाखवलं. माय म्हणाली, "नही. ती." जिला कुणी नेणार नाही ती आपण नेली तर पुण्य जास्त, असा तिचा हिशेब असावा. पांजरपोळाच्या म्हाताऱ्या राखणदारानं मांजर धरून टोपलीत घातली, वर गोणपाट बांधलं. टोपली घरापर्यंत माझ्या डोक्यावर होती आणि वाटभर आतून एक आवाज नाही. मला वाटलं आणखी एक मेली.

घरी टोपली उघडली. मांजर बाहेर पडली ती सरळ उतरंडीमागे, आणि पुढचे कितीतरी दिवस आम्हाला तिचे फक्त डोळे दिसले. दादा खोकले की ती दडे. भांडं पडलं की दडे. एकदा एक उंदीर तिच्या समोरून गेला, तर ती उंदरालाही घाबरून कणगीवर चढली. दादांना हसू आवरेना. "आपल्या घरी अहिंसेचा पुरा बंदोबस्त झाला," ते म्हणाले. आता सोमलही नाही आणि मांजरही अशी. उंदीर सुखानं नांदू लागले.

ती आली त्याच दिवशी मायनं देवापुढे हात जोडले आणि म्हणाली, "ती आपली व्हईसन मन्हा मांडीवर ई, तवयच मी दूध पिसू." ज्या दुधात तोंड घालून एक मांजर मेली ते दूध दुसरी मांजर आपल्याला माफ करेपर्यंत प्यायचं नाही, इतकी साधी ती गोष्ट होती. कुणी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं. आमच्याकडे बायका असंच काहीतरी सोडतात आणि मग घरातल्या कुणाचीही त्यातून सुटका नसते. दूध गेलं, दही गेलं, ताक गेलं. खिरीचा दिवस असला की माय आम्हाला वाढे आणि स्वतः चटणी-भाकरी घेऊन बसे.

आणि रोज दुपारी, कामं उरकली की ती उतरंडीपासून थोडी दूर, पाय मुडपून, मांडी मोकळी ठेवून बसायची. पुढ्यात दुधाची बशी. नवी आणली होती, ती जुनी तिनं पुरून टाकली होती. बसल्या बसल्या ती हळू हळू बोलायची, "ये मन्ही माय, ये." मांजर दोन पावलं पुढे यायची. माय बशी सरकवायला हात पुढे करायची. मांजर धूम ठोकायची.

महिना गेला, दोन गेले. दादांच्या खोकल्याची मांजरीला सवय झाली. भांड्यांची झाली. ती दादांच्या खाटेखाली बसू लागली. मायचा हात पुढे आला की मात्र पहिल्या दिवसासारखीच पळे. शेठाणी आली तरी पळे, पण शेठाणीकडे कुणाचं लक्ष होतं? मायच्या मनानं घेतलं की मांजरीला आपल्या हातांतून सोमलाचा वास येतो. मग तिनं हात घासायला सुरुवात केली. आधी राखेनं, मग चिंचेनं, मग लिंबानं. हातांची सालं निघाली, बोटांना भेगा पडल्या. दादा एकदा तिचा हात हातात घेऊन नुसते बघत राहिले. त्या दिवशी त्यांनाही थट्टा सुचली नाही. त्यांनी कोनाड्यातून खोबरेल काढलं आणि माझ्यासमोरच तिच्या बोटांना चोळलं. माय लाजून "पोर देखी ऱ्हायनी" म्हणत राहिली, पण तिनं हात ओढून घेतला नाही.

आता मी माझं सांगते. मांजर माझ्याकडे येत होती.

पहिल्यांदा आली तेव्हा माय नदीवर धुणं घेऊन गेली होती. मी पाटीवर गणितं करत बसले होते, तर मांडीवर काहीतरी ऊबदार आलं. मी श्वास रोखून धरला. तिनं दोनदा पंजांनी माझा परकर तुडवला आणि अंगाचं वेटोळं करून झोपली. मला इतका आनंद झाला, आणि लगेच दुसऱ्या क्षणी भीती वाटली. अंगणात मायची चाहूल लागताच मी मांजरीला मांडीवरून ढकलून दिलं. पुढे तेच होत राहिलं. माय बाहेर गेली की मांजर माझ्या मांडीवर, माय आली की मी तिला ढकलायची. ज्या गोष्टीसाठी मायनं हातांची सालं काढली होती ती मला फुकटात मिळत होती. मी काही चोरलं नव्हतं. तरी चोरासारखं वाटे. जेवताना माय माझ्या भाताच्या शिगेवर दही घालायची तेव्हा तर मला मान वर करून तिच्याकडे बघवत नसे.

मला का, आणि मायला का नाही, याचा मी फार विचार केला. उत्तर मिळालं ते कासारामुळे. दादांची एक हौस होती. दरवर्षी सारंगखेड्याच्या यात्रेतून ते मायसाठी हिरव्या काचेच्या बांगड्या आणत. यात्रेला लोक घोडे बघायला जातात. दादा घोड्यांकडे ढुंकूनही बघत नसत, बांगड्या घेऊन परत येत. मायचे हात कोपरापर्यंत भरलेले असायचे. त्या वर्षी बांगड्या जरा लहान निघाल्या म्हणून मायनं त्या भरायला कासाराला घरी बोलावलं. त्यानं ओसरीवर पेटी उघडली, बांगड्यांची चळत वाजली, आणि घरातून मांजर अशी उधळली की थेट धाब्यावर. दिवसभर खाली आली नाही.

माझ्या हातात बांगड्या नव्हत्या. मी झाडावर चढणारी, बांगड्या माझ्या हातात आठ दिवसही टिकत नसत, म्हणून मायनं मला एक तांब्याचं कडं घालून ठेवलं होतं. ते वाजत नसे.

खात्री करून घ्यायला मी पांजरपोळात गेले. संक्रांत होती, गल्लीतल्या बायकांबरोबर गाईंना गूळ-ज्वारी घालायला सगळ्या मुली गेल्या होत्या. मी राखणदाराला गाठलं. त्यानं लगेच ओळखलं. "ती भुरी ना? तिन्हा शेपटीले पोरेसनी फुटेल बांगड्यास्नी माळ बांधेल व्हती. ती पये तशी माळ वाजे, माळ वाजे तशी ती आखो पये. मीच ती तोडी. तवय पासून बांगडी वाजनी का तिन्हा जीव जास."

मी धावत घरी आले. मला वाटलं, आता सगळं मिटलं. सोमलाचा वास नाही, शाप नाही, पाप नाही; नुसता आवाज. माय ज्वारी निवडत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "माय, तू बांगड्या काढी टाक ना. मंग ती तुन्हाजोडे ई."

मायनं मला मारलं. आयुष्यात एकदाच तिनं माझ्या तोंडात मारली, ती तेव्हा. मारताना बांगड्या खणकल्या, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. "तुन्हा बाप जित्ता शे!" ती म्हणाली. सवाष्णीच्या हातातली बांगडी फुटली तरी आमच्याकडे फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. कासारसुद्धा नवी चढेपर्यंत जुनी एक हातात राहू देतो, हात मोकळा ठेवत नाही. हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून तोंडातून गेलं. मायनं मला देवापुढे नाक घासायला लावलं, आणि मग स्वतःही घासलं. मला त्या माराचं काही वाटलं नाही. मला वाटलं ते याचं, की मी मायला कारण सांगितलं आणि त्याबरोबर तिची वाटच बंद केली. आधी तिला हात घासण्याची तरी आशा होती.

पण तिनं एकदा करून बघितलंच. काही दिवसांनी दुपारी मी शाळेतून लवकर आले, तर माय नेहमीच्या जागी बसलेली, आणि दोन्ही हातांच्या बांगड्या जुन्या लुगड्याच्या चिंध्यांनी घट्ट बांधलेल्या. तिनं मला नजरेनंच दारात थांबवलं. मांजर उतरंडीमागून आली. एक एक पाऊल टाकत बशीपर्यंत आली, दूध पिऊ लागली. मायनं मांडीवरचा हात उचलला, अगदी हळू. तिला फक्त त्या पाठीला बोट लावायचं होतं. तिच्या तोंडावर जे होतं ते मी देवाच्या दारातही कुणाच्या तोंडावर बघितलेलं नाही.

चिंधी सुटली. दोन बांगड्या एकमेकींवर आपटल्या. बशी पालथी झाली, मांजर गेली.

आणि माझ्या मागे दादा उभे होते. ते केव्हा आले मला कळलं नव्हतं. त्यांनी मायचे बांधलेले हात बघितले, सांडलेलं दूध बघितलं आणि नेहमीसारखे हसले. "वा! मांजरीसाठी माझ्या बांगड्या मुक्या केल्यास. म्हणजे आता माझ्यापेक्षा तीच जवळची."

थट्टाच होती ती. त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं हे मी शपथेवर सांगेन. पण मायनं घाईघाईनं दातांनी चिंध्या तोडल्या आणि दादांच्या पायांवर डोकं ठेवलं. दादा गडबडून "अगं, अगं" म्हणत राहिले. त्यानंतर ती दुपारी मांडी मोकळी ठेवून कधी बसली नाही. बशी लांबूनच ठेवायची आणि उठून जायची. दूध मात्र तिनं घेतलं नाही. दादांनी, शेठाणीनं किती समजावलं, देवाला असं अडवून धरू नये म्हणाले. ती म्हणे, बोललेलं मागं कसं घेऊ?

दोन वर्षांनी, मिरचीच्याच हंगामात, दादांना ताप आला. मुदतीचा ताप. एकविसाव्या दिवशी उतरतो असं वैद्य म्हणाले होते. तितके दिवस काही गेले नाहीत.

त्या सकाळचं मी सगळं लिहिणार नाही. बायकांनी मायला मधे बसवलं, कुंकू पुसलं आणि बांगड्या फोडल्या. यात्रेतल्या हिरव्या बांगड्या. मी मांजरीला शोधत होते, का ते मलाही सांगता येणार नाही. ती धाब्यावर एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. मी तिला उचललं, छातीशी धरलं आणि तिचे कान माझ्या हातांनी झाकले. खाली काच फुटत होती आणि मी मनात म्हणत होते, मीच बोलले होते, बांगड्या काढ. मीच बोलले होते. दोन वर्षांपूर्वी खाल्लेली ती थप्पड मला तेव्हा फार कमी वाटली.

मायला कोपऱ्यात बसवलं. नवरा गेलेल्या बाईनं किती दिवस तोंड दाखवायचं नाही, याचे तेव्हा नेम होते. ती भिंतीकडे तोंड करून पाय मुडपून बसे. कुणाशी बोलत नसे. तेरावा झाला, पाहुणे पांगले, घर रिकामं झालं. अशाच एका दुपारी मी तिला भाकरी न्यायला आत गेले आणि दारातच थांबले.

मांजर मायच्या मांडीवर होती.

अंगाचं वेटोळं करून, हनुवटी मायच्या मनगटावर टेकवून निवांत झोपली होती. त्या मनगटावर बांगड्यांचे पांढरे वळ होते, बाकी काही नव्हतं. माय हलली नाही. मांजर उठू नये म्हणून हलली नाही की तिच्यात हलण्याचं बळच नव्हतं, कोण जाणे. मला बघितल्यावर ती म्हणाली, "तू सांगेल व्हतं."

तिनं ते रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं ते नुसतं म्हटलं, शाळेत एखादं उत्तर बरोबर आलं म्हणून सांगावं तसं. मी तिथेच खाली बसले आणि रडले. मला सांगायचं होतं की मला असं नको होतं, मला फक्त तू दूध प्यावंस असं वाटत होतं. थोड्या वेळानं तिनंच मला जवळ बोलावलं आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात हलका लागला.

बोललेलं पुरं झालं होतं, म्हणून संध्याकाळी शेठाणीनं दूध तापवून आणलं. मायनं पेला दोन्ही हातांनी धरला आणि औषधासारखा एका दमात रिता केला. तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "नासेल शे का?" नासलेलं नव्हतं, मी त्याच पातेल्यातलं प्यायले होते.

त्यानंतर मांजर मायची झाली. माय जिथं बसेल तिथं तिची मांडी. लोक म्हणत, मुक्या जनावराला दुःख कळतं बघा. मायला आणि मला माहीत होतं त्याला काय कळतं आणि काय कळत नाही. मला मांजरीचा राग येई, मग त्या रागाची लाज वाटे. तिचा काय दोष होता? तिला फक्त वाजलेलं नको होतं.

मी पंधरा वर्षांची झाले तेव्हा मामांनी माझं लग्न जमवलं, कळसाडीच्या एका शेतकरी घरात. लग्न आमच्याच दारात झालं. हळदीच्या आधी कासार आला, मला पाटावर बसवलं आणि त्यानं माझे दोन्ही हात हिरव्या चुड्यानं भरले. भोवती सगळ्या बायका. माय नव्हती. तिनं त्या वेळी समोर यायचं नव्हतं. ती आतल्या खोलीत, दार अर्धवट लोटून बसली होती. चुडा भरून झाल्यावर मोठ्यांच्या पाया पडायचं असतं. मी सगळ्यांच्या पडले. मग कुणाचं लक्ष नाही असं बघून आत गेले. शेठाणीनं बघितलं होतं, पण ती दुसरीकडे वळून मोठमोठ्यानं कुणाला तरी हाका मारू लागली.

माय खाली बसली होती. मांजर तिच्या मांडीवर. मी दार ढकललं, तशा माझ्या बांगड्या वाजल्या.

मांजर उठली. माझ्याकडे बघितलं. दहा-अकरा वर्षांच्या ज्या पोरीच्या परकरात ती झोपायची तीच मी. पण तिचे डोळे पहिल्या दिवशी उतरंडीमागे दिसले होते तसे झाले, आणि ती कणगीमागे पळाली. इतकी वर्षं मला वाटत होतं की मायचं हे दुःख मला माहीत आहे. मला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. मी दोन्ही हात पोटाशी घट्ट धरले, आवाज होऊ नये म्हणून, आणि तशीच पाया पडायला पुढे निघाले.

"तठेच उभी ऱ्हाय," माय म्हणाली. "देखू दे माले."

मी उभी राहिले. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि नजर माझ्या हातांवर ठेवली. मी म्हणाले, "माय, ती पयनी."

"पयनी ते बरं झाय," माय म्हणाली. "जलमभर अशीच पयो तुले देखीसन. तुन्हा मांडीवर कधीच न येवो."

ती थोडी पुढे वाकली. "हात काबर धरी ऱ्हायनी? सोड. हालाड हात. वाजू दे."

मी दारातच उभी राहून दोन्ही हात हलवले. कणगीमागे काहीतरी धडपडलं, आणि माय हसली.